पळसाखालचे दगड

पोट्टेहो, अनसिंगच्या सडकीनं रातचे फटफटीवर जाता ना तुमी? जा. पन जगदेवाचं ऐकून जा. माहा मावसभाऊ होता तो. माह्याशी खोटं बोलाले त्याले काही कारन नोतं.

सन छप्पन. सडकीचं काम चालू होतं अन जगदेव तिथं मुकादम. कामाजवळच झोपडी, तिच्यात बायको अंजना अन सहा महिन्याची पोरगी. दुसऱ्या दिवशी साहेब दगडाचे ढीग मोजाले येनार, म्हनून दिवस बुडता बुडता हा ढीग पाहाले निघाला. एक ढीग कमी भरला.

बाजूले पळसाखाली दगड रचेल होते. तांड्यावरची रुपाबाई कामावर दगड फोडे. तिची तान्ही पोरगी तिथं पुरेल होती. कोल्ह्यानं उकरू नये म्हनून वरतं दगड. जगदेवले हे ठाऊक होतं. तरी त्यानं ते उचलले अन ढिगात टाकले. नोकरी वाचली. ते दगड सडकीत गेले, वरून रोलर फिरला.

कोल्ह्यायनं दोन रातीत खड्डा रिकामा केला.

"मुकादम, माह्या पोरीवरचे दगड कोनं नेले?"

"मले काय मालूम, बाई?"

रुपाबाई त्या रिकाम्या खड्ड्याची राखन करत बसली. घास नाही, पानी नाही. पाचव्या दिवशी थंडीनं गेली. जगदेव मयतीले गेला, अन घरी येऊन पोटभर जेवला. हे त्यानंच मले सांगतलं, रडत रडत.

पौषाची अमावस्या, बुधवार. जगदेव वाशिमहून सायकलनं येऊन राह्यला होता. बारा वाजले असतीन. पळसाजवळ सडकीवर कोनीतरी बसेल. पाठमोरी. हातात तांड्यावरच्या बायायसारखा पांढरा चुडा. नखानं सडक उकरून राह्यली होती.

सायकल पडली.

"रुपाबाई… मीच नेले."

खरखर थांबली.

"माफ कर… मले बी… एक पोरगी हाय…"

तिनं मान वळवली. त्याच्याकडं नाही. झोपडीकडं.

मंग तिथं कोनीच नोतं.

जगदेव पळत सुटला. झोपडीच्या दाराचा टट्टा पडेल. अंजना गाढ झोपेल. अन पोरगी…

जिती होती. तिच्या भवताल दगड रचेल होते, एकाले एक लावून. रोलरनं दबेल, मुरूम चिकटेल. कोल्ह्याच्या पायाचे ठसे दारातून आत आलेले, दगडापर्यंत. तिथून मागं फिरलेले.

"तिनं मलेच मारलं असतं तं बरं झालं असतं," जगदेव मरेपर्यंत म्हने.

सकाळी त्यानं सडक पाह्यली. कुठंच उकरेल नोती.