कठड्याचे बंद

दिवा जरा मोठा करा आणि जवळ सरकून बसा. माझ्या भाचीच्या घरी घडलं ते सांगते. तुम्हाला पटेलच असं नाही.

हिवाळा नुकताच लागला होता. मी शिलाई मशीन गाडीत टाकून टॅमझिनकडे निघाले. टॅम म्हणजे माझ्या भावाची मुलगी. दिवस भरत आले होते तिचे. बाळाच्या खोलीतलं सगळं आत्यानेच शिवायचं, असा तिचा हट्ट होता. तिची आई, माझी वहिनी इव्हॉन, आदल्या वर्षी गेली होती. आता आमच्या घरात सुई धरणारी मी एकटीच उरले होते.

टॅमने आणि तिच्या नवऱ्याने ह्युऑन नदीच्या काठी, सफरचंदाच्या जुन्या बागेत घर घेतलं होतं. आमच्या टास्मानियात, ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला, जूनच्या हिवाळ्यात चहाच्या वेळीच अंधारून येतं. नदीवरून धुकं वर चढतं आणि खिडकीच्या काचेला टेकून उभं राहतं. लॅकलन, म्हणजे टॅमचा नवरा, खाडीतल्या माशांच्या शेतीवर कामाला. आठवडा-आठवडा बोटीवरच असायचा.

मी पोचले तशी टॅम मला हाताला धरून बाळाच्या खोलीत घेऊन गेली. तिथे कठड्याची एक छोटी लाकडी खाट होती. मागच्या सफरचंदांच्या कोठारात, पेट्यांच्या ढिगाखाली सापडली म्हणाली. ह्युऑन पाइन या इथल्या झाडाच्या लाकडाची होती. घासूनपुसून ठेवली होती, आणि त्या लाकडाचा गोडसर वास खोलीभर पसरला होता.

"आणि हे बघ," असं म्हणत तिने एक पिशवी उघडली. आत इव्हॉनचा निळा फ्रॉक होता, पांढऱ्या बारीक फुलांचा. "कठड्याला आतून बांधायची गादीची पट्टी याचीच कर, आत्या. आईच्या कुशीत झोपल्यासारखं होईल बाळाला."

मी मान डोलावली. फ्रॉकची घडी उलगडून पाहिली.

मग कामाला लागले. पडदे झाले, भिंतीवर लावायची तिकोनी पताकांची माळ झाली, आरामखुर्चीची उशी झाली. सगळ्यात शेवटी निळी पट्टी घेतली. आत मेंढीची लोकर भरली, कडेने दुहेरी टीप मारली, कठड्याला बांधायला बंद लावले. हातशिलाई करून पक्के केले, खाटेला बांधले आणि जेवायला गेले.

सकाळी पट्टी जमिनीवर पडलेली होती. बंद सगळे सुटे. फाटलेले नव्हते, टाका न् टाका उसवून काढलेला होता. शेजारी दोऱ्याची एक छोटीशी गुंडी होती. माझ्या आईला सवय होती तशी, उसवलेला दोरा वाया जाऊ नये म्हणून गुंडाळून ठेवलेली.

टॅम हसली. "डोळे गेले तुझे आत्या, गाठ मारायलाच विसरलीस."

मी पुन्हा शिवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. यावेळी दुहेरी टीपही उसवली होती, आणि लोकर एका बाजूला नीट रचून ठेवलेली होती. मला टॅमचाच संशय आला. बाईचे दिवस भरले की काय काय करते, काय काय विसरते. मी जरा तिरकस बोलले, तिला ते लागलं, आणि दुपारपर्यंत आम्ही एकमेकींशी बोललो नाही. पण एक गोष्ट मला खात होती. पडद्यांना, पताकांना, उशीला कोणी हात लावलेला नव्हता. उसवलं होतं ते फक्त खाटेला बांधायचं.

त्याच दिवशी रस्त्यापलीकडची नोरा डफेट भोपळ्याचे स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव, घेऊन आली. जन्मभर त्याच गावात राहिलेली बाई. चहा पिताना हसत-बोलत होती. टॅमने कौतुकाने तिला खोली दाखवायला नेलं, तर नोरा उंबऱ्यातच थांबली. आत आली नाही. खाट कुठे सापडली एवढंच विचारलं, आणि मग टॅम फोन घ्यायला गेली तेव्हा हळू आवाजात मला सगळं सांगितलं.

पूर्वी त्या घरात अ‍ॅल्मा नावाची एक बाई राहायची. शिवणकामात तिचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. पहिला मुलगा झाला तेव्हा तिने याच खाटेला आतून अशीच मऊ पट्टी शिवली, रिबिनीचे लांब बंद लावून. एका दुपारी ती अंगणात कपडे वाळत घालायला गेली. परत आली तोवर बाळाच्या गळ्याला बंदाचा फास बसला होता. त्यानंतर तिने घरात स्वतः शिवलेलं जे जे होतं ते उसवायला घेतलं. चादरी, पडदे, शेवटी अंगावरचा झगासुद्धा. कोणाशी बोलायची नाही. नुसती खिडकीशी बसून उसवत राहायची. वसंतात ती नदीत सापडली.

नोरा गेल्यावर मी टॅमला म्हटलं, राहू दे ती पट्टी, फ्रॉकची आपण दुसरं काहीतरी करू. गळ्याच्या फासाचं मात्र सांगितलं नाही. तिच्या त्या अवस्थेत कसं सांगणार? तिला वाटलं, मी कंटाळले. ती रडायला लागली. "एवढं एकच मागितलं होतं तुझ्याकडे," म्हणाली. तिच्या आईच्या जागी आता मीच होते. मी पुन्हा सुई हातात घेतली.

खाटेजवळ खुर्ची ओढून बसले. बाहेर धुकं होतं, काचेवर उजेड कसाबसा तग धरून होता. स्वयंपाकघरात टॅम भांडी ठेवत होती, तो आवाज ऐकू येत होता. मी पहिला बंद शिवला, दुसरा घेतला. घरात गारवा होता, तरी लाकडाचा वास एकदम दाटून आला, नुकतंच कापल्यासारखा.

मग आवाज आला. टक्… टक्… दोरा तुटावा तसा, अगदी बारीक.

मी खाली पाहिलं. मी पुढे टाके घालत होते आणि मागून ते निघत होते. दोरा कापडातून वर यायचा, ताणला जायचा, आणि सरकत बाहेर पडायचा. घाई नव्हती त्यात. सवयीचा हात होता. माझ्या बोटांपासून वीतभर अंतरावर निळं कापड हलकेच दबलेलं दिसत होतं, कोणीतरी चिमटीत धरल्यासारखं.

 मला सुई सोडता येईना. दोऱ्याचं एक टोक माझ्याकडे होतं आणि दुसरं…

"आत्या…"

टॅम दारात उभी होती. तिची नजर माझ्यावर नव्हती, सरकणाऱ्या दोऱ्यावर होती. एक हात पोटावर घट्ट दाबलेला.

"सोड ते आत्या… जी कोणी आहे, तिला नकोय ते."

मी कात्री घेतली आणि दोरा कापला. उरलेले बंद मीच उसवले, एकेक करून. टॅम माझ्याजवळ येऊन जमिनीवर बसली आणि लोकर काढू लागली.  काम संपलं तेव्हा खोलीत आमच्या श्वासाखेरीज दुसरा आवाज नव्हता. मग मी तिला अ‍ॅल्माची गोष्ट सांगितली. तिने लोकर पिशवीत भरली. शेवटी एवढंच म्हणाली, "बिचारी." आईच्या फ्रॉकचं कापड आम्ही चौकटीत बसवून भिंतीवर लावलं. त्याला पुढे कोणी हात लावला नाही, आणि खाट बंदांशिवाय तशीच राहू दिली.

बाळ सुखरूप झालं. मुलगी.  मला वाटलं, संपलं सगळं.

सप्टेंबरमध्ये, वसंत लागल्यावर, मी तिला बघायला गेले. बागेत सफरचंदांना कळ्या धरल्या होत्या. पोरगी गुटगुटीत, गालांवर लाली. वजन बघायला येणारी नर्सही खूश होती म्हणे. टॅम मात्र वाळली होती. दूध पहिल्याच महिन्यात आटलं, असं तिने फोनवर सांगितलं होतं. ओट्यावर दुधाच्या बाटल्या ओळीने भरून ठेवलेल्या होत्या. सगळ्या काठोकाठ.

मी म्हटलं, "भूक लागली असेल गं तिला, दे की एक."

टॅमने माझ्याकडे पाहिलं नाही. बाटली हातात फिरवत राहिली.

"तोंडातच घेत नाही, आत्या. माझं दूध आटल्यापासून एकदाही नाही घेतली. आमच्याजवळ झोपवलं की रडून आकांत करते. त्या खोलीत ठेवलं की गप्प." ती थांबली. "आणि उचलते तेव्हा… पोट भरलेलं असतं."

मी खोलीत गेले. दुपारचं ऊन खाटेवर पडलं होतं. पोरगी कठड्याकडे तोंड करून झोपली होती. मी वाकून तिला उचललं.

तिच्या ओठांच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब होता. मी बोटाने टिपला. अजून गरम होता.