कॅमेऱ्याच्या मागची जागा

ही गोष्ट ऐकीव नाही. ज्यांच्या बाबतीत घडली ते माझे सख्खे भाऊजी, ताईचे यजमान. थापा मारणं त्यांच्या स्वभावातच नाही. उलट कुणी भुताखेताचा विषय काढला की सगळ्यात आधी हसणार तेच. "भुतं? रोज माउसनं पुसतो मी," असं म्हणायचे.

त्यांचा धंदाच तसा. भाड्यानं द्यायच्या घरांचे गोल फोटो काढायचे. म्हणजे स्क्रीनवर बोट फिरवलं की खोली चहूबाजूंनी दिसते, वर छत, खाली फरशी. त्यासाठी त्यांच्याकडे फुगीर भिंगाची एक लेन्स आहे. ती अर्धी खोली एका फोटोत गिळते. कॅमेरा तिवईवर लावायचा, फोटो काढायचा, वळवायचा, पुन्हा काढायचा. चारी दिशा झाल्या की छत. शेवटी तिवई बाजूला करून तिच्या जागेवरची फरशी. मग कॉम्प्युटरवर सगळे जोडायचे. मध्येच कुणी हललं तर जोडावर त्याचं अर्धंच धड येतं. त्यालाच हे लोक भूत म्हणतात.

या लेन्सपासून लपायला खोलीत एकच जागा असते... कॅमेऱ्याच्या मागे. कॅमेरा वळला की फोटोवाल्यानंही त्याच्या मागच्या मागे सरकायचं.

त्या दिवशी चक्क भरदुपार होती. आता भुताच्या गोष्टीला दुपार शोभत नाही, पण झालं ते झालं.

चौथ्या मजल्यावरचं रिकामं घर. भाऊजी कामाला गेले होते, पण मनात वेगळंच होतं. घर पटलं तर आपणच घ्यायचं, असं ताईशी ठरलं होतं. ताईचे दिवस भरत आले होते. राहत्या घरात पाळणा ठेवायचा तर कपाट जिन्यात न्यावं लागलं असतं. हे घर ऐसपैस, उजेडाचं. आणि भाडं... फारच कमी.

तिथेच त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

त्यात घर दाखवणारा दलाल आत यायलाच तयार नाही.

"तुम्ही उरका. मी इथेच उभा आहे."

"बंद कधीपासून आहे हो?"

"रंग दिला तेव्हापासून. कुणाचं पाऊल पडलेलं नाही."

फरशीवर धुळीचा थर होता, त्यामुळे ते खरंच वाटलं. भाऊजींनी आतल्या खोलीत तिवई लावली.

वळव. सरक. क्लिक.

वळव. सरक...

ते थांबले. आणि त्यांच्यानंतर अजून एक पाऊल वाजलं. हलकं. अनवाणी.

"काय हो, आत आलात का?"

"नाही!" आवाज जिन्यातून आला.

भाऊजींनी मागे पाहिलं. कोणीच नव्हतं. रिकाम्या घरात आवाज घुमतो, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. पुन्हा कॅमेरा वळवला, सरकले, थांबले.

पुन्हा तेच पाऊल...

दलाल आपली चेष्टा करतोय, असं त्यांना वाटलं. त्यांनी भराभर काम आटपलं आणि सामान उचललं. दलालानं लिफ्टचं दार धरून ठेवलं होतं. भाऊजी आत शिरले, तरी तो दार सोडेना.

"अजून कोण यायचंय?"

"नाही... सवय आहे," असं म्हणत त्यानं दार लावलं. पण तो स्वतः लिफ्टमध्ये आला नाही. जिन्यानं उतरला.

संध्याकाळी भाऊजी फोटो जोडायला बसले. भिंती स्वच्छ, दारं स्वच्छ, कुठे अर्धं धड नाही. शेवटी राहिला फरशीचा फोटो. तो एरवी ते न बघताच चिकटवतात. फरशीत काय बघायचं?

त्या दिवशी बघितला.

धुळीत तिवईच्या जागेभोवती त्यांच्या बुटांच्या ठशांचं रिंगण होतं. आणि त्याला खेटून दुसरं रिंगण... लहान, अनवाणी पावलांचं. जिथे बूट थांबले होते, तिथेच तीही थांबली होती.

 भाऊजींनी तिथल्या तिथे दलालाला फोन करून घर नको म्हणून सांगितलं. ताईला मात्र सांगितलं, की तिथे ओल आहे. ती बिचारी हिरमुसली. भाऊजींना वाटलं, चला, सुंठीवाचून खोकला गेला.

पुढे काही दिवसांनी दलालाचा फोन आला. स्वारी खुशीत होती.

"तुम्ही गेलात आणि घर लगेच उठलं बघा. लोक राहायलाही आले."

"काही तक्रार?"

"छे! आता काही नाही. घर एकदम शांत आहे."

आता...? भाऊजींनी फोन ठेवला.

रविवारी सकाळी त्यांनी आपल्याच खोलीत तिवई लावली. एकदाची खात्री करून घ्यायची होती. ताई पलंगावर बाळाच्या दुपट्यांच्या घड्या करत बसली होती. वळव, सरक, क्लिक. जास्तीचं पाऊल वाजलं नाही. पुसलेल्या फरशीवर ठसा नाही. फोटो लख्ख. भाऊजींचा जीव भांड्यात पडला.

मग त्यांनी पलंगाच्या बाजूचा फोटो मोठा केला.

ताई कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. त्यांच्या चेहऱ्याकडेही नाही. ती बघत होती कॅमेऱ्याच्या मागे, त्यांच्या डाव्या बाजूला... जरा खाली.

"काय बघत होतीस गं?"

"तुमचा हात," ताई हसून म्हणाली. "अहो, कोणाला मनातल्या मनात चालायला शिकवत होतात? लहान मुलाचं बोट धरतात ना, तसा हात करून गोल फिरत होतात. सराव चाललाय वाटतं बाबांचा!"

भाऊजींना हात तसा केल्याचं अजिबात आठवत नव्हतं.

हे त्यांनी मला गच्चीत नेऊन सांगितलं. ताईला अजून यातलं काही माहीत नाही.  बोलत असताना सबंध वेळ त्यांचा डावा हात खिशात होता. जेवतानाही तो मांडीखाली दाबलेला असतो. ताई चिडवते, ते नुसते हसतात.

परवा ताईला मुलगी झाली. नर्सनं दुपट्यात गुंडाळलेली पोर भाऊजींपुढे धरली.

"घ्या ना, बाबा. दोन्ही हात पुढे करा."

भाऊजींनी उजवा हात पुढे केला. डावा खिशातून बाहेर काढलाच नाही.