अंबाबाई पॅरिसात कशी हरवली

सुप्रिया आली तीच तापलेली. दहिवलीत सुनीती कर्णिकचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. बाहेरच्या खोलीत शशिकांतकाका पेपर वाचत होते. त्यांनी बसा म्हटलं, तरी ती बसली नाही.

"माझ्या आईला वेडी ठरवलंय," ती म्हणाली. "सोमवारी तिला चौक गावाच्या पलीकडे वृद्धाश्रमात नेऊन टाकणार हायत. त्याच्या आत मला सांगा, ती पॅरिसात हरवली, का तिला हरवलं कुणी."

सुनीती खासगी तपासाची कामं घेत असे. आधी विमा कंपनीसाठी खोटे दावे पकडायची. शशिकांत तिचे सख्खे काका, निवृत्त शिक्षक. माणूस मुळात चांगला असतो अशी त्यांची समजूत होती. पुतणीबरोबर इतकी वर्षं हिंडूनही ती पुरती मोडली नव्हती.

सुप्रियाने सांगितलं ते असं. तिची आई अंबाबाई भिवपुरीजवळच्या गावची, शेतावर राबलेली बाई. धाकटा मुलगा नवीन कंपनीत मोठ्या हुद्द्यावर चढला आणि आईला घेऊन युरोप दाखवायला निघाला. बरोबर बायको माधवी. पॅरिसात एक अख्खा दिवस गाइडबरोबर फिरायचं होतं: सकाळी नदीतून बोट, मग धक्क्यासमोरचाच आयफेल टॉवर, मग जेवण, मग दुकानं. संध्याकाळी हॉटेलवर पोचल्यावर अंबाबाई नाहीत असं लक्षात आलं. त्या सापडल्या इस्पितळात. सकाळी जिथून बोटीत बसले, त्याच धक्क्याच्या पायऱ्यांवर पडून मनगट मोडलं होतं. कुणीतरी परक्या माणसाने उचलून नेलं होतं.

"नव्या म्हणतो, ती दुकानांपाशी बसमधनं उतरली आणि भरकटली. दुकानं शहराच्या दुसऱ्या टोकाला. तेव्हापासून सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटलाय, आईचं डोकं गेलं."

"आणि आई काय म्हणतात?" सुनीतीने विचारलं.

सुप्रियाचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "म्हणते, माजंच चुकलं असंल."

चौकला जुन्या हायवेवर दोन गॅरेजांच्या मध्ये जितेशचं टूरचं ऑफिस होतं. सहलीबरोबर गेलेला टूर लीडर तोच. तो आधीच वैतागलेला होता. त्या कुटुंबामुळे रोज उशीर व्हायचा, म्हातारी पावलागणिक थांबायची, बाकीचे लोक तोंडावर बोलायचे, असं त्याने घडाघडा सांगून टाकलं. आपण मात्र एकही माणूस मागे सोडलेला नाही, हे त्याने टेबलावर हात आपटून सांगितलं.

"कशावरून?" सुनीती म्हणाली.

"अहो, गाइडचं बोलणं ऐकायला प्रत्येकाला गळ्यात अडकवायचं एक यंत्र दिलं होतं. गाइड टॉवरपाशीच निघून गेला. बसमध्ये चढताना मी यंत्रं गोळा केली. सगळी परत आली. एक जरी कमी भरलं असतं, तर भुर्दंड मला पडला असता."

"म्हणजे माणसं मोजलीत?"

"तेच ते."

शशिकांतकाकांना ते पटलं. सुनीतीने पुढे जेवणाबद्दल विचारलं. जेवायच्या वेळी बस कुठे होती? जितेश म्हणाला, तिकडचे ड्रायव्हर फार कडक. सगळ्यांना उतरवून, बसला कुलूप घालून स्वतः जेवायला जातात. एक बाई डोकं दुखतंय, आत पडून राहते म्हणून विनवत होती, तिलाही खाली उतरवलं.

बाहेर पडल्यावर काका म्हणाले, "हा माणूस उद्धट आहे, पण खोटं बोलत नाही."

"नाही ना," सुनीती म्हणाली. "तेच तर उपयोगाचं आहे."

सुप्रियाला घेऊन ते भिवपुरीजवळच्या घरी पोचले तेव्हा नवीन अजून कामावरून आला नव्हता. अंगणाच्या कडेला बाज टाकून अंबाबाई बसल्या होत्या, हात प्लास्टरमध्ये. पाहुणे बघून त्या ओटीवर यायला उठल्या. बाजेपासून ओटीपर्यंत येताना दोनदा थांबल्या, गुडघ्यावर हात दाबून श्वास घेतला. काकांनी आधार द्यायला हात पुढे केला, पण त्यांनी तो घेतला नाही.

माधवीने चहा केला. ती बोलायला बिचकत नव्हती. बस लागते म्हणून ती पुढच्या सीटवर बसायची, सासूबाई मागे नवीनबरोबर. टॉवरवर ती इतर बायकांबरोबर आधीच्या लिफ्टने गेली. जेवायला सासूबाई दिसल्या नाहीत म्हणून तिने नवीनला विचारलं, तर तो म्हणाला, आई बसमध्ये झोपलीय, तिला भूक नाही. दुकानांपाशीही तेच, झोपू दे तिला.

तिने त्या दिवशीचे फोटो दाखवले. सगळे फोनवरच काढलेले. एकात टॉवरच्या वरच्या कठड्याला टेकून नवीन हसत होता. गळ्यात दोन नारिंगी नाड्या. काकांना वाटलं, एक कॅमेऱ्याची असेल.

नवीन आला. घरात परकी माणसं बघून आधी बहिणीवर उखडला. मग सुनीतीला म्हणाला, "मॅडम, मी आईला परदेश दाखवला. गावात कुणी दाखवला? आणि उलट मलाच विचारताय?"

सुनीतीने शांतपणे विचारलं, तेव्हा त्याने तीच हकिगत सांगितली. जेवणाच्या वेळी आई बसमध्ये झोपली होती. दुकानांपाशी सगळे उतरले, तेव्हाही झोपलेलीच. नंतर ती उठून मागच्या दाराने उतरली असणार आणि चालत सुटली असणार. "वेड्या माणसाला कुठं कळतं कुठं चाललोय ते."

अंबाबाई भिंतीकडे बघत होत्या. काकांना वाटलं, उठून जावं. म्हाताऱ्या बाईसमोर तिलाच वेडी म्हणताना मुलाची जीभ अडखळली नव्हती.

"नवीन, खाली बसा," सुनीती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण काकांनी तो सूर ओळखला. ती चिडली होती. "तुमच्या आई दुकानांपर्यंत गेल्याच नाहीत. ज्यांना अंगणातून ओटीवर यायला दोनदा थांबावं लागतं, त्या बाई अनोळखी शहर पायी ओलांडून नेमक्या त्याच धक्क्यावर पोचतात? पोचल्या नाहीत. त्या तिथून हललेल्याच नव्हत्या."

"बसमध्ये होती ती. जितेशला विचारा, त्याने मोजलं."

"त्याने यंत्रं मोजली. टॉवरवरच्या फोटोत तुमच्या गळ्यात दोन नाड्या आहेत. कॅमेरा तुमच्याकडे नव्हता, फोटो सगळे फोनवरचे. दुसरं यंत्र आईंचं. ते त्यांच्या गळ्यातून काढून तुम्ही घातलंत आणि खाली आल्यावर दोन्ही परत केलीत, म्हणजे मोजणी बरोबर भरली."

नवीनने बायकोच्या हातातल्या फोनकडे पाहिलं.

"आणि जेवणाच्या वेळी त्या बसमध्ये झोपल्या होत्या हे तुम्ही बायकोलाही सांगितलंत, आत्ता मलाही. ती बस कुलूपबंद होती. डोकं दुखणाऱ्या बाईलाही ड्रायव्हरने आत ठेवलं नाही. त्यांना तुम्ही मागे सोडलंत, कारण त्या हळू चालतात."

माधवी नवऱ्याकडे बघत राहिली. "तू मला सांगितलंस, आई झोपल्यात."

नवीनचा ताठा एकदम उतरला. तो भराभर बोलू लागला. टॉवरच्या तिकिटाची वेळ चुकली असती. सगळी बस त्याच्या नावाने खडे फोडत होती. जितेश कुणालाच मागे ठेवू देत नव्हता, म्हणून यंत्र काढून घेतलं. आईला धक्क्यापाशी झाडाखाली बाकावर बसवलं, वर जाऊन येतो म्हणाला. खाली आल्यावर सगळ्यांची धावपळ सुरू होती. जेवण झालं की टॅक्सीने जाऊन आणू म्हटलं. मग दुकानं आली.

"मग?" सुनीतीने विचारलं.

"वाटलं, बसलीय तिथं. कुठं जाते."

सुप्रिया ताडकन उठली. काकांनी तिचा हात धरला. वर्गातल्या कुठल्याही पोरावर त्यांना असा राग आला नव्हता.

"विसरलात, ते एक वेळ समजू," सुनीती म्हणाली. "पण नंतर आपली लाज झाकायला तुम्ही त्यांना वेडी केलंत. वृद्धाश्रम कशाला? त्या इथे राहिल्या असत्या, तर कधीतरी कुणाशी तरी बोलल्या असत्या."

अंबाबाईंनी भिंतीवरची नजर काढली.

"तू सांगितलंस, आई, तू बसमदी होतीस, तुला आठवत नाय," त्या म्हणाल्या. "रोज सांगितलंस. मला वाटलं, पोरगा कशाला खोटं बोलंल. डोळं मिटलं की मला बाक दिसायचा, झाड दिसायचं. मी म्हनायची, ह्ये सपान हाय, माजं डोस्कं फिरलं. मला माजंच भ्या वाटाया लागलं रं."

नवीन पुढे सरकून पाया पडू लागला. त्यांनी पाय मागे घेतले.

"ते नको. फोन काढ. मामाला लाव पयला. मग त्या आश्रमवाल्यांना. मला काय झालंय म्हनून सांगितलंस, तेवढ्या समद्यांना लाव."

त्याने बायकोकडे पाहिलं. ती जागची हलली नाही. शेवटी त्याने फोन लावला. पलीकडून हॅलो आल्यावर तो तोंडातल्या तोंडात पुटपुटला, की आईबद्दल जरा गैरसमज झाला होता.

"मोठ्यानं बोल," अंबाबाई म्हणाल्या. "मामाला डाव्या कानानं आयकाया येत नाय, आन् फोन तो डाव्याच कानाला लावतो. आन् गैरसमज नाय. तू काय केलंस, ते सांग."