या, हे स्वयंपाकघर

मी एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. काचेखाली दिसतं तेवढंच लिहायचं, मनाचं काही घालायचं नाही, ही आमच्या कामाची पहिली अट. हे सगळंही मी तसंच लिहितेय. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

गेल्या वर्षीची गोष्ट. परदेशातलं एक जुनं शहर. भर दुपार, लख्ख ऊन.

हो, भर दुपारच. अंधारात घडलं असतं तर भास म्हणून सोडून तरी दिलं असतं.

आम्ही तिघी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. एक शाळेत गणित शिकवते, तिला आम्ही मॅडम म्हणतो. दुसरी 'रेडिओ', कारण ती झोपेतसुद्धा बंद होत नाही. आणि मी. तिघींनी मिळून परदेशात फिरायचं, हे वर्षानुवर्षं नुसतं ठरतच होतं.

अडत होतं माझ्यापाशी. बाबांचं उजवं अंग लुळं पडलेलं. आई जाऊन तिसरं वर्ष. घरात बाबा आणि मी, दोघंच. सकाळी एक मावशी यायच्या, त्यांना अंघोळ घालून जायच्या. बाकीचं सगळं माझ्याकडे. दादा आमच्याच गावात वेगळा राहायचा. महिन्यातून एकदा यायचा, दारात उभ्या उभ्या "कसं काय, बाबा?" विचारायचा आणि जायचा.

या वेळी मात्र तोच म्हणाला, "जा गं तू. वहिनीपण माहेरी चाललीय. मी येऊन राहतो की घरी. माझेपण बाबा आहेत ना ते?"

मला भरून आलं होतं. खरंच.

त्या दिवशी सकाळपासून आम्ही पाय तुटेपर्यंत फिरलो. नदीवरचा दगडी पूल, घड्याळाचा मनोरा, कबुतरांनी भरलेला चौक. पुलावर रेडिओची टोपी वाऱ्याने उडून पाण्यात पडली, तर ती टोपीला शिव्या घालत काठाकाठाने धावली. आम्ही पोट धरून हसत होतो. इतकं मोकळं मी कित्येक वर्षांत हसले नव्हते.

दुपारी मॅडमने एक जुनं घर शोधून काढलं. कुणा व्यापाऱ्याचं, आता संग्रहालय केलेलं. दारात एक मुलगी प्रत्येकाला हेडफोन आणि छोटं यंत्र देत होती. खोलीबाहेर नंबर लिहिलेला, तो दाबला की त्या खोलीची माहिती कानात सुरू. भाषांची यादी होती. मराठी अर्थातच नव्हती. मी इंग्रजी घेतलं.

खालच्या दालनात एका पुरुषाचा संथ आवाज. झुंबर, गालिचे, वंशावळ... मला जांभया यायला लागल्या.

त्या दोघी फोटो काढत मागे राहिल्या. मी जिना चढून वर गेले. वर स्वयंपाकघर होतं. लोखंडी चूल, भिंतीवर टांगलेली तांब्याची भांडी. मी नंबर दाबला.

आधी नुसती खरखर...

मग कुणीतरी घसा साफ केला.

"या. हे स्वयंपाकघर."

मराठी! बाईचा आवाज. मला क्षणभर गंमतच वाटली. चुकून का होईना, आपली भाषा लागली.

"हा ओटा. हा कोपऱ्याचा टवका उडालाय बघा. पातेलं पडलं होतं."

मी समोर पाहिलं. ओटा नव्हताच तिथे. चूल होती.

टवका उडालेला ओटा आमच्या घरचा.

"खिडकीची कडी नीट लागत नाही, बरं का. जरा उचलून धरावी लागते."

ते 'बरं का'... आणि त्याच्याआधीचा तो बारीकसा श्वास...



तो माझ्या आईचा आवाज होता.

मी यंत्राला हात लावला नाही. नंबर दाबला नाही. तरी आवाज पुढे सरकला. पावलांसकट. आईची चप्पल घासत चालायची सवय होती. तेच घासणं कानात ऐकू येत होतं.

"चला, आता मागच्या खोलीत या. इकडे हे असतात."

आई बाबांना 'हे'च म्हणायची.

"हा पलंग. आत्ता पलंगावर नाहीत."

थोडा वेळ काहीच नाही...

"खाली आहेत. पलंगाच्या आणि भिंतीच्या मधे. पाणी मागतायत."

मी हेडफोन ओरबाडून काढला.

रेडिओ जिना चढून वर येत होती. मी यंत्र तिच्या हातात कोंबलं. "ऐक, ऐक हे!" तिने कानाला लावलं. ऐकलं. भुवया उंचावल्या.

"काही नाही गं. खरखर आहे नुसती. तुला काय झालं? पांढरीफटक पडलीयस."

मी दादाला फोन लावला. बराच वेळ रिंग वाजत राहिली. शेवटी उचलला.

"बाबा कसे आहेत?"

"बाबा ना? मस्त. जेवून झोपलेत."

"आत्ता? आत्ता तर तिकडे संध्याकाळ आहे."

"अगं, मग संध्याकाळी झोपू नये का माणसाने?"

त्याच्यामागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते.

"तू बाहेर आहेस?"

"गच्चीत आलोय जरा."

"दादा, आत जाऊन बघ ना त्यांना. फोन चालू ठेव आणि बघ."

"आत्ताच बघून आलो. घोरतायत चांगले. तू फीर मजेत. आमची काळजी सोड."

त्याने फोन ठेवला. मी शेजारच्या काकूंना लावला, तर त्या मुलीकडे गेलेल्या, दुसऱ्या गावाला. मावशींचा फोन बंद.

मॅडम म्हणाली, "झालं ना समाधान? सख्खा भाऊ सांगतोय. दमलीयस तू, दुसरं काही नाही." जाताना तिने दारातल्या मुलीला विचारलंही. ती मुलगी यंत्राकडे बघून म्हणाली की स्वयंपाकघराचं रेकॉर्डिंग खराब झालंय, म्हणून महिन्यापूर्वीच पुसून टाकलंय. तो नंबर दाबला तर काहीच लागत नाही.

मग आम्ही नावेतून फिरलो. त्याचा फोटो आहे. रेडिओने "हस की जरा" म्हटलं म्हणून मी त्यात हसतेय. तो फोटो मी पुसलेला नाही. का, ते मलाही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी दादाचा फोन आला. रडत होता. "बाबा गेले गं. झोपेतच गेले. काही कळलंसुद्धा नाही त्यांना."

मी घरी पोचले तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. बाबांचं तोंडही मला दिसलं नाही.

मावशी मला बघून रडल्या. दादा समोर असेपर्यंत नुसत्या पदराशी चाळा करत राहिल्या. तो बाहेर गेला आणि त्यांनी माझा हात धरला.

"ताई, झोपेत नाही गेले ते. मी सकाळी आले तर दाराला बाहेरून कुलूप. माझ्याकडच्या किल्लीने उघडलं. साहेब खाली होते. पलंग आणि भिंतीच्या मधे अडकलेले. ओठ पार सुकले होते हो..."

पुढचं मला ऐकू आलं नाही.

पाहुणे पांगल्यावर, एका दुपारी, मी दादाला स्वयंपाकघरात गाठलं. वहिनी बाहेरच्या खोलीत होती. मी हळूच विचारलं, "फोन केला तेव्हा तू कुठे होतास?"

"सांगितलं ना, गच्चीत."

"आपल्या गच्चीत हॉर्न ऐकू येत नाहीत. मागे शाळेचं मैदान आहे."

त्याने बाहेरच्या खोलीकडे पाहिलं.

"बाबा पडले ते तुला माहीत होतं?"

तो खुर्चीत बसला. 

"आवाज आला होता पडल्याचा," तो म्हणाला. "मी उठतच होतो, शपथेवर सांगतो. तेवढ्यात इथे, स्वयंपाकघरात... कुणीतरी बोलायला लागलं."

 मी त्या यंत्राबद्दल घरात कुणाला एक अक्षर सांगितलं नव्हतं.

"कोण?"

"आई."

त्याने ओट्याकडे पाहिलं.

"आई कुणाला तरी घर दाखवत होती. 'या, हे स्वयंपाकघर...' पातेल्याचं, कडीचं, सगळं सांगत होती. पाहुणे आले की दाखवायची ना, तशी."

मला वाटलं, मलाच दाखवत होती. तिकडे, परक्या देशात, तिने माझ्या कानात सांगितलं, म्हणजे मी काहीतरी करावं म्हणून. तेवढ्यापुरतं मला बरंसुद्धा वाटलं.

मग दादा म्हणाला, "ती थांबली की दुसरं कुणीतरी 'हं' म्हणायचं."

"दुसरं कोण?"

"माहीत नाही. जाड आवाज. पुरुषाचा. नुसतं 'हं'... 'हं'..."

मी तर तिथे तोंडातून आवाजही काढला नव्हता.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. आईने जन्मात मला 'या' आणि 'बघा' म्हटलं नव्हतं. मला ती 'ये गं' म्हणायची.

"मग आई त्याला घेऊन बाबांच्या खोलीकडे वळली," दादा म्हणाला. "आणि मी पळालो."

"बाबांना आत टाकून?"

"हो."

"रात्रभर?"

त्याने खाली बघून मान हलवली.

"आणि वर मला सांगितलंस की घोरतायत. जेवून झोपलेत. दादा, नुसतं सांगितलं असतंस ना, तर मी तिथून कुणालाही पाठवलं असतं. दार फोडायला लावलं असतं. तेवढं एक वाक्य खरं बोलला असतास तर..."

"तू विश्वास ठेवला असतास?"

"ठेवला असता," मी म्हणाले. "त्या दिवशी जगात एकट्या मीच ठेवला असता."

तो रडायला लागला. मला त्याची दया आली नाही. आजही येत नाही. आमचं बोलणं त्या दुपारनंतर बंद आहे. मॅडम आणि रेडिओलाही मी भेटत नाही. त्यांचा काही दोष नाही, पण त्या हसल्या की मला ती नाव आठवते.

त्या दुपारी तो जायला निघाला तेव्हा मी एवढंच विचारलं होतं, "पळालास ते पळालास. पण बाहेरून कुलूप का घातलंस?"

तो म्हणाला, "तो बाहेर येऊ नये म्हणून."

सकाळी मावशींनी ते कुलूप काढलं. आत बाबा होते, बाकी कुणी नव्हतं, असं त्या सांगतात. खिडक्या आतून बंद होत्या, असंही सांगतात.

मग तो कुठून गेला?

की गेलाच नाही...

मी अजून त्याच घरात राहते.