सरावातलं स्टेशन

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही. मंगळवारची भरदुपार होती. जागा म्हणजे अवकाशवीरांना शिकवतात त्या केंद्रातली तळमजल्यावरची खोली.

तिथे सिम्युलेटर आहे. सरावाचं खोटं यान. हुबेहूब खऱ्यासारखं, फक्त जमिनीला बोल्ट मारलेलं. त्यातले रेडिओ लावून देणं हे माझ्या वहिनीचं काम. दादा त्यातच शिकला आणि तीन दिवसांपूर्वी खऱ्या यानातून एकटाच वर गेला.

सकाळपासून त्याचा आवाज बंद होता.

वरच्या मजल्यावर साहेबलोकांची पळापळ चालली होती. तिथे वहिनीला कोणी विचारत नव्हतं. हातावर हात धरून बसणं तिला जमेना. दादाने चुकून कुठलं बटण फिरवलं असेल ते शोधायला ती खोट्या यानात शिरली आणि एकेक चॅनल लावून बघू लागली. 

त्या रेडिओची तार बाहेर कुठेच जात नाही. बाजूच्या कॉम्प्युटरपाशी संपते.

तिसऱ्या चॅनलवर खरखर थांबली...

"अगं, ऐकतेस ना?"

दादा.

"दिशेची सुई नुसती गरगर फिरतेय. परतीच्या स्टेशनचा नंबर दे, तो लावला की सुई तिकडे वळेल."

वहिनीला रडू फुटलं. तिने वर फोन लावला, कोणी उचलेना. दादा पुन्हा पुन्हा विचारत होता आणि आवाज बारीक होत चालला होता. शेवटी तिनेच नंबर सांगितला. नियमाप्रमाणे त्याने तो पुन्हा म्हणून दाखवला.

"सुई थांबली," तो म्हणाला. "येतोच."

आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली.

चार वर्षं रोज तोंडात बसलेला नंबर तिने दिला होता. सरावाचा. त्या नंबरचं स्टेशन जगात कुठेच नाही. ते फक्त त्या खोट्या यानात आहे.

"अहो, नंबर चुकलाय... ऐका..."

पलीकडे खरखरसुद्धा नव्हती.

वरच्यांनी नंतर सांगितलं, त्याच मिनिटाला खऱ्या यानाने आपणहून तोंड फिरवलं आणि ते पडद्यावरून नाहीसं झालं. खोट्या यानातलं रेकॉर्डिंग मी ऐकलंय. त्यात एकटी वहिनी बोलते. मध्ये थांबते. पुन्हा बोलते.

याला आठ महिने झाले. शोध केव्हाच थांबला. बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं साहेब म्हणतात.

पण खोट्या यानातला, स्टेशन किती लांब ते दाखवणारा अंतराचा आकडा...

रोज थोडा कमी होतो. वीज काढून घेतली तरी होतो. मी डोळ्यांनी पाहिलंय. या हिशोबाने सव्वीस तारखेला तो शून्यावर येतो.

वहिनीने दादाचे धुतलेले कपडे त्याच्या सीटवर नेऊन ठेवलेत. परवा मला म्हणाली, "भावोजी, सव्वीस तारखेला सुट्टी काढा. यांना घ्यायला जाऊ."

मी हो म्हणालो. सख्खा भाऊ आहे तो माझा. पण त्याच्या यानात हवा नऊच दिवसांची होती.

सव्वीसला त्या खोट्या यानाचं दार आतून वाजलं, तर उघडायची माझी छाती नाही.