पाचूबंदरच्या घराची शाकारणी

ज्याला ही थाप वाटेल त्यानं पुढे वाचू नये, आपल्या कामाला लागावं. मला कुणाला पटवायचं नाही. माझ्या उजव्या हाताची दोन नखं आजही वेडीवाकडी येतात. मला तेवढा पुरावा पुरे.

साल एकोणीसशे एक्कावन्न. मे महिना. आणि हो, रात्र नव्हती. भर दुपार होती.

जागा पाचूबंदर. समुद्राकडे तोंड करून उभं असलेलं आल्बर्टचं घर. आल्बर्ट मुंबईला नोकरीला, घर वर्षभर बंद. किल्ली शेजारच्या भागूबाईकडे असायची. ती कोळीण, दिवसभर अंगणात बोंबील वाळवत बसलेली.

मी फिलोमिना. आमचे हे, ऑगस्टीन, घरं शाकारायचं काम करायचे. पावसाच्या आधी कौलं उतरवायची, फुटकी बदलायची, पुन्हा नीट बसवायची. मी त्यांच्या हाताखाली. आमची लेक लूर्डस तेव्हा अंगावर पिणारी. तिला सासूकडे ठेवून मी कामाला यायचे आणि दुपारी पाजायला घरी पळायचे.

समुद्राजवळच्या छपराला खिळा चालत नाही. खारा वारा लोखंड खाऊन टाकतो. आल्बर्टनं हौसेनं खिळे मारून घेतले होते, त्यांचा भुगा झाला होता. म्हणून आम्ही कौलं बांधायचो. मंगलोरी कौलाला खालून भोक असतं. त्यात काथ्याची दोरी ओवायची आणि खालच्या लाकडी रिपेला गाठ मारायची. दोरी मुशी माशाच्या तेलात भिजवलेली. ती गाठ एकदा आवळली की आवळली.

ह्याला माणसं दोन लागतात. एक वर, कौल ठेवणारं. एक आत, गाठ मारणारं.

आत मी.

ह्या घराला खोलीवर फळ्यांचं छत ठोकलेलं होतं. छत आणि कौलं यांच्या मधल्या पोकळीत मी बसायचे. उभं राहता येत नाही, नुसतं रांगायचं. खालून तिथे यायला वाट नाही. उघड्या छपरातूनच आत उतरायचं आणि शेवटची कौलं लावायच्या आधी तिथूनच बाहेर पडायचं.

वाऱ्यात हाक ऐकू जात नाही, म्हणून आमचे ठोके ठरलेले. ह्यांनी कौल ठेवलं की वरून एक ठोका. म्हणजे बांध. मी गाठ मारली की खालून एक. म्हणजे बांधलं. आणि तीन ठोके म्हणजे थांब. मग कुणी कौलाला हात लावायचा नाही.

त्या दिवशी समुद्राकडची बाजू घेतली होती. मागची, जमिनीकडची बाजू दुसऱ्या दिवसासाठी ठेवलेली. तिथली कौलं नुसती ठेवलेली होती, सुटी. हे मी सकाळी स्वतः पाहिलं होतं. लक्षात ठेवा.

काम रंगात आलं होतं. वर हे देवळातलं, म्हणजे आमच्या चर्चमधलं, गाणं गुणगुणत होते. बेसूर. आमच्या ह्यांना सूर कशाशी खातात ते ठाऊक नाही.

ठोका. गाठ. ठोका. गाठ.

मग मध्येच माझ्या लक्षात आलं...

गाणं थांबलं होतं.

म्हटलं, घसा सुकला असेल. ठोके तर चालूच होते. फक्त जरा हळू. आमचे हे ठोका मारतात तो दार फोडल्यासारखा. हा बोटानं मारल्यासारखा.

आणि घाई तरी किती. माझी गाठ पुरी व्हायच्या आत पुढचं कौल खाली. मनात म्हटलं, आज घरी गेल्यावर बघते ह्यांच्याकडे. तेवढ्यात माझ्या पाठीमागे, अंधाऱ्या बाजूला...

सर्र.

दोरी ओढल्यासारखा आवाज. मी गाठ ओढली की लगेच मागे तसाच. उंदीर असेल म्हणून मी मान वळवली नाही.

उजेड कमी होत गेला. आता दोनच कौलांची जागा उरली. माझी बाहेर पडायची जागा. मी खालून तीन ठोके दिले.

थांब.

उत्तर आलं... एक.

बांध.

माझं डोकं फिरलं. मी पुन्हा तीन दिले, जोरात. एक कौल खाली आलं. मी उरलेल्या फटीतून हात वर काढला, ह्यांचा पाय चाचपायला.

पाय नव्हता. नुसता गरम वारा होता.

मी हात आत घेतला आणि शेवटचं कौल बसलं. अगदी हळू, झोपलेल्या पोरावर पांघरूण घालतात तसं.

काळोख.

मी ओरडले. ह्यांच्या नावानं ओरडले, जे मी त्यांच्यासमोर कधी घेत नाही. वर कुणी चालत नव्हतं. रिपा करकरत नव्हत्या. माणूस छपरावर असला की रिपा करकरतात, हो.

शेवटची दोन कौलं मी बांधलेली नव्हती. ती ढकलली. हलली नाहीत. शेजारच्या कौलाची गाठ सोडवायला गेले. तेलातली गाठ ती, माझ्याच हातची. नखं गेली तेव्हा ती सुटली. ढकललं. तेही हललं नाही.

मग मला मागची बाजू आठवली. तिथली कौलं सुटी आहेत, एक धक्का दिला की उडतील. मी रांगत गेले, वळले, पाठ कौलांना लावली आणि पाय रोवून रेटलं.

भिंत रेटावी तसं झालं.

मेच्या दुपारी कौलांखाली काय उकडतं ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. श्वास अर्धा आत जायचा. ब्लाउज दुधानं भिजला होता. लूर्डसची वेळ झाली होती, ती तिकडे रडत असणार. मी मेले तर तिला कोण पाजणार, एवढंच डोक्यात फिरत होतं. मला मरायचं नव्हतं. नमो मारियाची प्रार्थना म्हणायला लागले आणि मधलेच शब्द विसरले.

आणि तेव्हा...

ठोका आला. एक.

जवळून. फार जवळून.

मी दोन्ही हात काखेत दाबून तशीच बसून राहिले. पुन्हा एक. मग पुन्हा. चिडून नाही. आपण कामचुकार माणसाला आठवण करतो ना, तसा.

किती वेळ गेला, देव जाणे. लांबून बैलगाडीची घंटा ऐकू आली. मग ते बेसूर गाणं. मी आयुष्यात एवढं गोड काही ऐकलेलं नाही. मी टाचांनी छताच्या फळ्या बडवल्या. ह्यांनी शिडी चढून, हातोडीनं समुद्राकडची कौलं फोडून मला बाहेर काढलं. हातोडीखाली ती पापडासारखी फुटली.

अंगणात पाणी पाजून हे मलाच ओरडायला लागले. म्हणाले, नवी कौलं घेऊन गाडी देवळापाशी अडकली होती, म्हणून आणायला गेलो. जाताना तीन ठोके दिले होते. थांबायचं सोडून तू कौलं बांधून कशी घेतलीस?

मी म्हटलं, मी बांधली, पण ठेवली कुणी?

तेव्हा भागूबाई पुढे आली. हातातला बोंबील तसाच. तिनं सगळं पाहिलं होतं.

"छपरावर कोनी नव्हतं गो बाय," ती म्हणाली. "कौलं आपली एकेक लागत होती. आतून कोनी ओढून घेतंय तशी."

ह्यांनी तिला गप्प केलं आणि पुन्हा वर चढले. फोडलेल्या जागेतून आत वाकून बराच वेळ बघत राहिले. मग आत उतरले, मागच्या बाजूपर्यंत.

खाली आले तेव्हा तोंडाचा रंग उतरला होता. म्हणाले, मागची सगळी बाजू बांधलेली आहे. प्रत्येक कौल. गाठी आपल्यासारख्याच, पण दोरीला तेल नाही. ओली आहे. मी जीभ लावली, खारी आहे.

गाठी मारायला मी कमरेला गुंडाळून नेलेली दोरी समुद्राकडच्या बाजूलाच जेमतेम पुरली होती.

मी ज्या कौलांना पाठ लावून रेटत होते, तीच ही कौलं. त्या बाजूला मी रांगत एकटी गेले असं मला वाटत होतं.

त्या संध्याकाळी मी लूर्डसला छातीशी धरून बसले होते. हे जेवले नाहीत. दारात पाठमोरे उभे होते, आणि तसेच उभं राहून त्यांनी विचारलं.

"फिलो, मी तुला वर ओढलं तेव्हा तू माझा एकच हात धरला होतास ना?"

मी हो म्हटलं.

ते नुसतं आपल्या दुसऱ्या मनगटाकडे बघत राहिले.