माई दारावरून जाते

ही घडलेली गोष्ट आहे. यात पदरचं काही घातलेलं नाही. जिच्या बाबतीत घडली ती आजही त्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते आणि लोकांचे कपडे शिवते.

तिनेच हे सांगितलं.

तिची आई म्हणजे अख्ख्या वस्तीची माई. कुणी अंथरुणाला खिळलं की माई उशाशी हजर. पाठ पुसून देणं, चादर बदलणं, घोटभर पाणी पाजणं... आणि अगदी शेवटी, हात धरून बसणं.

स्वतःच्या घरात मात्र तिचा पाय ठरायचा नाही. मुलगी तापाने फणफणलेली असायची आणि माई दुसऱ्याच कुणाच्या कपाळावर पट्ट्या ठेवत असायची. नवरा गेला तेव्हाही ती मागच्या गल्लीत होती. बोलवायला गेलेल्या माणसाला म्हणाली, "यांचं आटपलं की निघतेच."

माई गेली ती झोपेत. कुणाला उशाशी बसायची वेळच आली नाही.

शोकसभेला बसायला जागा नव्हती. जो तो बोलायला उठे आणि डोळे पुसत खाली बसे. मुलगी कोरड्या डोळ्यांनी बसून होती.

"दगड आहे नुसती," मागून कुणीतरी म्हणालं.

तिने ऐकलं. मान वळवली नाही.

महिना उलटला. एका सकाळी कोपऱ्यावरचा सायकलवाला दारात आला. चेहरा उतरलेला.

"आमचे अण्णा पहाटे गेले."

"फार त्रास झाला का रे?"

"नाही. माई होत्या ना जवळ."

"अरे, माई जाऊन महिना झाला."

"अण्णा बोलत होते त्यांच्याशी. आम्हाला काही दिसलं नाही, पण खोलीत तो वास होता..."

कसला, ते तिने विचारलं नाही. जंतुनाशकाचा आणि ओल्या पदराचा. आई घरी परतली की तोच वास आधी आत यायचा.

दुःखात माणूस काहीही बोलतो, अशी तिने मनाची समजूत घातली.

मग एका संध्याकाळी ती बाहीला अस्तर लावत असताना जिन्यात आवाज आला.

टप... सर्र...

टप... सर्र...

माईचा डावा पाय असाच घासायचा.

तिने मशीन थांबवलं. पावलं वर चढत होती. दुसऱ्या मजल्यावर आली. तिच्या दारापाशी आली...

आणि तशीच वर गेली.

तिने धावत जाऊन दार उघडलं. जिना रिकामा.

फक्त तो वास.

वरच्या मजल्यावर पोस्टमास्तर राहायचे. निवृत्त झालेले, बरेच दिवस आजारी. सकाळी ती त्यांना बघायला गेली.

"तुझी आई येऊन गेली गं काल," ते म्हणाले.

"काही बोलली?"

"मीच म्हटलं, माई, खाली लेक एकटी असते, जाता जाता डोकावून या."

"मग?"

पोस्टमास्तर घुटमळले. "म्हणाल्या, तिचं काय, ती घरचीच आहे."

तिला रडू आलं नाही. राग आला. मेल्यावरही या बाईला सवड नाही.

त्याच आठवड्यात पोस्टमास्तर गेले. त्यांना पोहोचवून सगळे परतल्यावर ती जिन्यात उभी राहिली आणि रिकाम्या पायऱ्यांकडे बघून म्हणाली, "जगाला पुरलीस. मला कधी पुरणार?"

 

त्यानंतर काही दिवसांनी, दिवे लागायच्या सुमाराला...

टप... सर्र...

या वेळी पावलं वर गेली नाहीत.

दाराबाहेर थांबली.

दाराखालून वास आत आला. जन्मभर जिची वाट पाहिली ती पलीकडे उभी होती. लेकीचा हात कडीवर गेला. कडी अर्धी सरकलीसुद्धा.

आणि तिच्या लक्षात आलं... माई उगाच कुणाकडे जात नसे. अण्णा गेले, पोस्टमास्तर गेले.

तिने कडी परत लावली. दाराला पाठ लावून खाली बसली. दार वाजलं नाही. पण पावलं निघून गेल्याचंही तिला ऐकू आलं नाही.

डॉक्टरांनी नंतर तिच्या सगळ्या तपासण्या केल्या. काही निघालं नाही.

हे सांगून झाल्यावर तिने हातातल्या कापडाचा दोरा तोडला. मग हळूच मला विचारलं,

"उघडायला हवं होतं का गं?"